आतलं चाक

तुकुमकारीत, बंद पडलेल्या मोटेलच्या शेजारी
एउसेबिओ बाकाचं टायरचं दुकान.
भिंतीवर रिम टांगलेले, पंख्यावर धुळीची साय,
आणि काउंटरवरच्या वजनकाट्यात
झोपलेलं एक मांजर: साडेनऊ पाउंड.

बाहेर आमची गाडी. चौदा वर्षांची,
कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या
कुणाच्या तरी मासेमारीच्या परवान्यांसकट घेतलेली.
पुढे दोन चाकं. मागे चार:
दोन दिसणारी, दोन त्यांच्या आड.

प्रल्हादने हिशेब मांडला. मांडतोच.
"चार सेन्सर पुरेत.
बाहेरचं नीट तर आतलं नीट."
चारांचा संच एकशे ऐंशी डॉलर, सहांचा दोनशे साठ.
पस्तीस वर्षं मी डेटनमध्ये
लोकांचे जमाखर्च तपासले,
ऐंशीचा फरक मलाही कळतो.

"दिसतात त्यांच्याकडे मी बघीन," म्हटलं,
"पैसे न दिसणाऱ्यांवर घाल."

बाका हसला नाही. हात पुसले,
मागून एक टायर लोळवत आणला,
कडेचं रबर सोललेलं, तारा पिंजलेल्या.
"हा बाहेरचा. ह्याला काही झालं नव्हतं.
आतला बसला होता, देव जाणे कधीपासून.
ह्याने दोघांचं ओझं ओढलं दोनशे मैल,
गाडी सरळ, स्टिअरिंग सरळ,
सांता रोसाच्या अलीकडे फुटला."

मांजर उठलं. काटा शून्यावर गेला.

मग निवडानिवड.
टोपणासारखे घ्यावेत तर हलके,
पण हवा भरायची की दर वेळी काढा,
आणि रिमच्या भोकातून आतल्या व्हॉल्व्हपर्यंत
माझं मनगट जातं, प्रल्हादचं नाही.
पोटात बसणारे घ्यावेत तर
बॅटरी संपली की टायरचं पोट उघडा.
आरपार हवा जाऊ देणारे जड,
रबरी व्हॉल्व्हला वेगात हिसके देतात,
तो मुळाशी चिरतो;
म्हणजे धातूचे व्हॉल्व्ह, म्हणजे चाकं उतरवा,
म्हणजे मजुरी वेगळी.
"नळ्या लावून आतला व्हॉल्व्ह बाहेर आणता येईल," बाका म्हणाला,
"पण नळी म्हणजे गळायला आणखी दोन जागा."

आरपारवाले घेतले. सहा. धातूचे व्हॉल्व्ह.
शिवाय मागचं पुढे पोचवणारी एक डबी,
गाडी अठ्ठावीस फूट, मागचं बोलणं
पुढच्या सीटवर ऐकूच येत नाही.
प्रल्हादने कार्ड काढलं. माझं.

त्या रात्री लोगनच्या तळ्याकाठी मुक्काम.
पहाटे पाच वाजायच्या आत ते ठणाणलं:
मागचं, डावं, आतलं. एकाहत्तर.
मी म्हटलं, झालं!
तो कानटोपी घालून उतरला,
हातात गेज आणि त्याचा तो लाकडी दंडुका,
सेन्सर घेतले तरी सोडलेला नाही.
बाहेरच्या टायरवर ठक्.
मग खांदा तिरका करून आतल्यावर,
अर्धवट, ठप्.

तेवढ्यात स्क्रीनवर
उजवं आतलं बहात्तर, बाहेरचंही बहात्तर,
पुढची, एकामागून एक, सगळी खाली.
पंचा घेऊन न्हाणीच्या दाराशी ताटकळणाऱ्या
कुटुंबासारखी, सगळीच गारठलेली.
पंक्चर नव्हतं कुठेच.
"थंडीत मोजा," बाकाने दोनदा सांगितलेलं,
आणि आपण ऐंशी भरून घेतले होते
भर दुपारी, तापल्या डांबरावरून येऊन.

मी शाल गुंडाळून उतरले.
कॉम्प्रेसर भुंकू लागला, पलीकडच्या गाडीत दिवा लागला,
कुणीतरी काहीतरी बोललं, चांगलं नसणार.
माझा हात भोकातून कोपरापर्यंत आत,
टॉर्च त्याच्याकडे, थरथरता.
"किती?"
"पंचाहत्तर."
"मला दिसत नाहीये."
"टॉर्च नीट धर. अठ्ठ्याहत्तर."

मग बाहेरच्या चाकाची पाळी आली.
ते त्याने भरलं.